नरलांडग्याला वाडा लागतो

नरलांडग्याच्या गॉथिक भयपटाचं सगळं बळ आणि सगळं दुखणं एकाच ठिकाणी पाहायचं असेल, तर 2010 सालचा 'द वुल्फमॅन' पाहावा. कशाची म्हणून उणीव नव्हती त्याला. बेनिसिओ डेल टोरो, अँथनी हॉपकिन्स, एमिली ब्लंट असे नट, 1891 सालचं इंग्लंड, धुक्यात बुडालेलं रान, उतरती कळा लागलेली हवेली, डॅनी एल्फमनचं संगीत आणि रिक बेकरसारख्या उस्तादाच्या हातची रंगभूषा. त्या रंगभूषेला ऑस्करही मिळालं. पण सुमारे 15 कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाला जगभरातून तेवढी रक्कमही परत मिळवता आली नाही. प्रेक्षक घरी जाताना भीती बरोबर घेऊन गेला, असंही झालं नाही.

असं का व्हावं, हा प्रश्न त्या एका चित्रपटापुरता नाही. माणसाचं जनावर होण्याची गोष्ट हॉलिवूड नव्वद वर्षं सांगत आलंय. हिंदीनं ती मोजक्या वेळा हाताळली, मराठीनं जवळजवळ नाहीच. आणि इकडे नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात, विंचूर-लासलगावच्या पट्ट्यात, माणसं बिबट्याच्या धास्तीनं आजही रात्री हातात काठी आणि बॅटरी घेऊन उसाच्या कडेनं जीव मुठीत धरून चालतात. थंडीत निफाडचा पारा अनेकदा राज्यात सगळ्यांच्या खाली जातो, पहाटे द्राक्षबागांवर धुकं उतरतं. विंचुरात विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या घराण्याचा वाडा आहे. पानिपतावरून जिवंत परतलेल्या सरदाराचं हे घराणं. म्हणजे गॉथिक भयपटाला लागणारं सगळं सामान इथे जागच्या जागी आहे. नाही तो फक्त चित्रपट.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हा चित्रप्रकार दातांवर आणि केसांवर तगत नाही, घरावर तगतो. घरातलाच कुणीतरी जनावर झालाय, घरच्यांना ते ठाऊक आहे किंवा कळायला लागलंय, आणि ते झाकायचं की संपवायचं हे त्यांना ठरवायचंय, ही खरी भीती. जिथे दिग्दर्शकानं घर धरून ठेवलं तिथे चित्रपट टिकला. जिथे घर सोडून तो जनावराच्या मागे धावला तिथे पडला.

'द वुल्फमॅन'मध्येच दोन्ही सापडतं. वेड्यांच्या इस्पितळातला प्रसंग पाहा. नायक लॉरेन्सला (डेल टोरो) खुर्चीला जखडून व्याख्यानाच्या सभागृहात आणलंय. समोर बाकांवर प्रतिष्ठित डॉक्टर मंडळी. व्याख्याता लॉरेन्सकडे पाठ करून, शांतपणे, हा केवळ मनाचा भ्रम कसा आहे ते समजावून सांगतो. मागे चंद्र वर आलेला. लॉरेन्स बदलायला लागतो ते बाकांवरच्यांना दिसतं, आपल्याला दिसतं, फक्त बोलणाऱ्याला दिसत नाही. त्याची खात्री जितकी पक्की, तितका आपला श्वास अडकतो. या जातीच्या चित्रपटांत इतका नेमका प्रसंग फार थोडा सापडेल.

आणि मग शेवट. बापच मूळचा नरलांडगा, त्यानंच लॉरेन्सच्या आईचा जीव घेतलेला, हे उघड झाल्यावर खरं तर चित्रपटाला बोलायला तोंड फुटायला हवं होतं. एवढं मोठं पाप उराशी घेऊन एका छपराखाली राहिलेला बाप आणि त्याला ओळखून चुकलेला मुलगा! त्याऐवजी दोघेही केसाळ होतात आणि पेटलेल्या हवेलीत एकमेकांना आपटतात. बापाच्या भूमिकेला हॉपकिन्ससारखा नट हाताशी असताना त्याचा चेहरा केसांखाली झाकून टाकला जातो. चित्रीकरणाच्या तोंडावर मार्क रोमानेक बाजूला झाला आणि जो जॉन्स्टन आला, प्रदर्शनही पुढे ढकललं गेलं. ती ओढाताण पडद्यावर दिसते. तरीही माझ्या मते मूळ दोष धावपळीचा नाही, निवडीचा आहे. घराचा निकाल कुस्तीनं लावायचा ठरवलं, तिथेच तो हरला.

ज्याच्यावरून हा बेतला तो 1941 चा 'द वुल्फ मॅन' जेमतेम 70 मिनिटांचा. जॉर्ज वॅगनर दिग्दर्शक, कर्ट सिऑडमॅक लेखक, नायक लॉन चेनी धाकटा. थोरला भाऊ गेल्यावर लॅरी टॅलबट अमेरिकेतून वेल्समधल्या बापाच्या गढीवर परततो. गावातल्या दुकानातून लांडग्याच्या डोक्याची चांदीची मूठ असलेली काठी विकत घेतो, त्याच काठीनं एक लांडगा मारतो, मारताना चावा बसतो. मी माणसं मारतोय असं तो बापाला सांगू पाहतो, आणि बाप, सुशिक्षित, प्रेमळ, ठाम, ते मनाचे खेळ म्हणून उडवून लावतो. शेवटी बापच अंधारात झेपावलेल्या जनावराला त्या काठीनं ठेचतो आणि पायाशी पोटचा पोर पडलेला पाहतो.

जॅक पिअर्सनं याकचे केस तासन् तास चिकटवून चेनीला लांडगा केलं, हे सगळीकडे सांगितलं जातं. मला महत्त्वाचं वाटतं ते असं की पहिल्या बदलात कॅमेरा फक्त पायांकडे पाहतो, आणि चेहरा पालटताना दाखवतो तो थेट मरणानंतर, लांडग्याचा माणूस होताना. म्हणजे रंगभूषेतली सगळ्यात अवघड करामत शोकासाठी राखून ठेवली. उणिवाही आहेत. गंजिफ्रॉकात असलेला लॅरी बदलून रानात येतो तो बटणं लावलेला सदरा घालून. जिप्सी बाई आणि तिचा मुलगा हे बाहेरून शाप आणणारे म्हणून उभे केलेत. गावाचं पाप भटक्यांच्या पदरात टाकण्याची ही खोड पुढे कित्येक चित्रपटांनी उचलली. गंमत नव्हे, दुःख हे की सिऑडमॅक स्वतः हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेला ज्यू होता. पुढच्या बळीच्या तळहातावर तारा उमटतो ही कल्पना त्याच्या कथेतली. त्यानं सोडलेल्या त्या जर्मनीत पुढे तारा लावूनच माणसं वेगळी काढली गेली.

मधली वर्षं भराभर ओलांडायला हरकत नाही. हॅमर कंपनीनं 1961 मध्ये 'द कर्स ऑफ द वेअरवुल्फ' काढला, टेरेन्स फिशरचा. ऑलिव्हर रीडचा चेहरा सोडला तर तो संथ आहे, पण लांडगेपणाचं मूळ एका सरंजामदाराच्या अत्याचारात शोधण्याइतकं धाडस त्यात आहे. 1981 मध्ये जॉन लँडिसचा 'अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन' आला आणि खेळच बदलला. रिक बेकरनं तिथे जे केलं ते अंधारात नव्हतं. साधी दिवाणखान्याची खोली, दिवे चालू, आणि त्या उजेडात नायकाचा पंजा लांबत जातो. तो स्वतःच्या हाताकडे बघत राहतो, ओरडतो, माफी मागतो. रंगभूषेसाठी स्पर्धात्मक ऑस्कर त्या वर्षी सुरू झालं आणि पहिलं बेकरलाच मिळालं. पण या यशानं एक नुकसानही केलं. तेव्हापासून प्रत्येक निर्मात्याला वाटू लागलं की बदलाचा प्रसंग दणदणीत झाला म्हणजे चित्रपट झाला. बेकरचा प्रसंग चटका लावतो तो त्याआधी तासभर आपण त्या पोराबरोबर राहिलोय म्हणून. ही गोष्ट मागून येणाऱ्यांनी सोडून दिली.

आता आपल्याकडे येऊ. राजकुमार कोहलींचा 'जानी दुश्मन' 1979 चा. लाल शालूतल्या नवऱ्या वाटेत गायब होतात, मारणारा केसाळ राक्षस. सुनील दत्त, संजीव कुमार, जितेंद्र, शत्रुघ्न सिन्हा, रेखा, नीतू सिंग अशी नटांची जत्रा. पोशाख बाळबोध, लांबी भरमसाट, गाणी पदोपदी. पण या चित्रपटानं एक गोष्ट अचूक पकडली होती, आणि तिचं श्रेय त्याला क्वचितच दिलं जातं. राक्षस निघतो तो गावाचा आधार असलेला ठाकूर. ज्याच्या आशीर्वादानं डोली निघायची, तोच डोलीच्या वाटेवर. माहेर सोडताना मुलीच्या पोटात जो गोळा येतो त्याला या चित्रपटानं शरीर दिलं. मग मात्र लेखक कच खातो: ठाकुराच्या अंगात दुसऱ्याचाच आत्मा शिरलाय असं सांगून त्याला मोकळं करतो. अपराध अंगात आलेल्या पाहुण्याचा ठरला की घर निर्दोष सुटतं आणि भीतीही सुटते.

महेश भटांच्या 'जुनून'नं (1992) लांडग्याचा वाघ केला. हा निर्णय शहाणपणाचा होता. आपल्या मनात रानाचा धनी वाघच आहे. अकोले-इगतपुरीच्या आदिवासी पाड्यांत वाघबारस होते, वारल्यांचा वाघोबा शेंदूर लावून बसलेला असतो. पण राहुल रॉयचा विक्रम पौर्णिमेला वाघ होतो आणि उरलेले दिवस प्रेमाच्या त्रिकोणात अडकतो. खरा वाघ आणि नट यांचे तुकडे जोडलेले कळतात. वाघोबाला नवस बोलणाऱ्या माणसाचं त्या जनावराशी जे नातं आहे, भीतीचं आणि भावकीचं, त्याचा या चित्रपटाला पत्ता नाही. वाघ आला, वाघोबा नाही आला.

अमर कौशिकचा 'भेडिया' (2022) तंत्रानं या सगळ्यांच्या कितीतरी पुढे. अरुणाचलमधलं झिरो, रानातून रस्ता काढायला आलेला कंत्राटदार भास्कर, त्याला चावलेला लांडगा. वरुण धवननं अंग मोडून काम केलंय. संगणकावर घडवलेला लांडगा खोटा वाटत नाही. ईशान्येच्या माणसांना आपण काय काय म्हणतो, याबद्दल भास्करचा तिथला सोबती जोमिन जे बोलतो ते ऐकून प्रेक्षागृह गप्प होतं. आणि इथे शाप भटक्यांनी किंवा आदिवासींनी आणलेला नाही, रान तोडायला आलेल्यानं स्वतःच ओढवून घेतलाय. 1941 ची ती खोड या चित्रपटानं मोडली, हे मी त्याचं मोठं यश मानतो.

पण भीती? ती उभी राहते न राहते तोच विनोद येतो. चावाच मुळी ढुंगणावर. निर्मात्यांना आपल्या प्रेक्षकाचा भरवसा वाटत नसावा, तो घाबरायला तयार आहे यावर विश्वास बसत नसावा. दुसरं, भास्करला घर नाही. तो पाहुणा म्हणून येतो, पाहुणा म्हणून लांडगा होतो. त्याच्या हातून कुणाचं काय जाईल याची धास्ती वाटावी असं माणूस त्याच्याजवळ कुणी नाही. त्यामुळे त्याचं सुधारणंही स्वस्तात होतं. पुढे 'स्त्री 2' आणि 'थामा'त तो लांडगा डोकावला तेव्हा तो पुरता सुपरहिरो झाला होता. टाळ्या पडल्या. टाळी पडते तिथे भय संपतं.

मराठीनं नरलांडगा केला नाही, पण त्याचा गाभा मराठी मातीतल्या कथांनीच सगळ्यात नेमका ओळखला, असं मी म्हणेन. 1976 च्या 'हा खेळ सावल्यांचा'मध्ये नरसूच्या भुतानं जमीनदाराचं घर हादरवलं. शेवटी सगळं माणसांचंच कारस्थान निघालं आणि भूत विरघळलं, तरी त्या घराचे जिने आणि काळोख पाहणाऱ्यांच्या डोक्यात वर्षानुवर्षं राहिले. राही अनिल बर्वेचा 'तुंबाड' (2018) मात्र वेगळ्या उंचीचा. भाषा हिंदी असली तरी वाडा, पाऊस, लोभ, सोवळं सगळं आपलं. प्रेरणा नारायण धारपांच्या कथेची, नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'ची आठवण देणारं. साखळदंडानं बांधलेली, भूक लागली की जागी होणारी ती म्हातारी पाहा. घरातली बाई जनावर झालीय, तिला मारता येत नाही, टाकता येत नाही, खायला घालून झोपवावं लागतं, आणि हे काम लहान पोरावर येऊन पडतं. नरलांडग्याची सगळी शोकांतिका तिच्यात आहे. एकाही लांडग्याशिवाय.

1941 च्या चित्रपटात बाप अजाणता मुलाला मारतो. 2010 मध्ये मुलगा बापाला मारतो, रागानं. 'तुंबाड'च्या शेवटी शापानं सडलेला विनायक मुलापुढे हस्तर या भुकेल्या देवाची सोन्याच्या नाण्यांची लंगोटी धरतो, मुलगा पांडुरंग ती घेत नाही आणि बापाला पेटवून देतो. राग नाही, अजाणतेपणा नाही. जाणूनबुजून, रडत, घराण्याची भूक तिथेच थांबवण्यासाठी. त्या पोरासमोर हॉलिवूडची पेटलेली हवेली फिकी पडते. 'तुंबाड'मध्येही कमी आहे: नाण्यांच्या फेऱ्या मधे रेंगाळतात, बायका अर्ध्यावर सोडून दिल्यात, आणि एका हस्तराचे अनेक हस्तर झाले की धाक संख्येत विरघळतो. पण पंकज कुमारचा कॅमेरा त्या पावसात जे पाहतो त्यापुढे मी या उणिवा मान्य करून पुढे जायला तयार आहे. 2024 मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा लोकांनी पहिल्या वेळेपेक्षा जास्त गर्दी केली. भय नुसतं भय म्हणून दाखवलं तर आपला प्रेक्षक येत नाही, हे म्हणणं त्या गर्दीनं खोडून काढलंय.

आमच्या भागाशी सगळ्यात जवळचा चित्रपट विशाल फुरियाचा 'लपाछपी'. तो वाड्यात नाही, उसात घडतो. चहूबाजूंनी उभा ऊस, मधे एक घर, दिवस असलेली पूजा सावंत आणि तिची काळजी घेणारी उषा नाईक. फार खर्च न करता, भर दुपारी त्यानं घाम फोडला. उसातून वाट काढणाऱ्याला पाच पावलांपुढचं दिसत नाही आणि पानांची सळसळ सगळीकडून सारखीच येते, हे ज्याला ठाऊक आहे त्यानंच तो ऊस निवडला. भीतीचं मूळ मुलींच्या गर्भाचा जीव घेणाऱ्या घरातच. उत्तरार्धात तो संदेश पुन्हा पुन्हा बोलून दाखवतो तिथे धार बोथट होते. हिंदीत त्याचा 'छोरी' झाला.

ऊस म्हटला की इथे बिबट्या आला. शेतीची थ्री फेज लाईट आळीपाळीनं येते, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात पाणी भरायला जायचं म्हणजे मोटार चालू करून बांधाबांधानं चारी धरायची, आणि शेजारच्या उसात काय बसलंय ते देवाला ठाऊक. नाशिक जिल्ह्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. ही भीती कुणा पटकथाकारानं रचलेली नाही, म्हणून तिच्यावर चित्रपट करताना जबाबदारी वाढते. विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात केलेल्या अभ्यासानं दाखवून दिलं की बिबटे उसात, वस्तीला लागून, बहुतेक वेळा कुणाला कळूही न देता राहतात. सुजय डहाकेच्या 'आजोबा'नं (2014) माळशेजहून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे चालत गेलेल्या बिबट्याची खरी गोष्ट मायेनं सांगितली. बिबट्याला सैतान ठरवणारा भयपट उद्या कुणी काढला, तर पिंजऱ्याभोवती जमणाऱ्या जमावाच्या हातात आणखी दगड येतील.

कारण जनावरापाठोपाठ संशय येतो. 1996 मध्ये पूर्व उत्तर प्रदेशात लांडग्यांनी मुलं उचलली, तेव्हा हे लांडगे नसून लांडग्याचं रूप घेतलेली माणसं आहेत, अशी आवई उठली आणि अनोळखी माणसांना मारहाणी झाल्या. 1 जुलै 2018 ला आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. तिथे जनावर नव्हतं. माणसंच पालटली, दिवसाढवळ्या, आणि नंतर आपापल्या घरी गेली. नरलांडग्याच्या चित्रपटाला याहून भयंकर विषय कुठून मिळणार? तरी एकाही दिग्दर्शकानं त्या घरांत कॅमेरा नेलेला नाही: संध्याकाळी हात धुऊन जेवायला बसलेला माणूस, आणि त्याच्याकडे बघणारी त्याची आई.

या सगळ्यातून माझ्या मनाशी एक चित्रपट तयार होतो, आणि तो कुणीतरी करावा असं मला फार वाटतं. निफाडची जानेवारीतली थंडी, जुन्या वाड्याच्या पडक्या भागात राहणारं एक कुटुंब, भोवती ऊस, रात्रपाळीची लाईट. गावात जनावराची अफवा, वनखात्याचा पिंजरा लागलेला, पिंजऱ्यात खरा बिबट्या सापडतो आणि तरीही बळी थांबत नाहीत. घरातल्या एकालाच कारण ठाऊक आहे. केस नको, दात नको. ली व्हॅनेलच्या 2025 च्या 'वुल्फ मॅन'नं, एरवी अर्धवट जमलेल्या चित्रपटानं, एक वाट दाखवून दिलीय: बाधा झालेल्या बापाला भिंतीवरच्या कोळ्याची पावलं धाडधाड ऐकू येतात, आणि आपण त्याच्या कानांनी ऐकायला लागतो. आवाजाला 15 कोटी डॉलर लागत नाहीत. बिबट्याचा आवाज लाकडावर करवत चालवल्यासारखा येतो, आणि तो ओळखणारी माणसं विंचूरच्या शिवारात वस्तीवस्तीवर आहेत. पटकथा लिहिण्याआधी चार रात्री त्यांच्याबरोबर पाणी भरायला जावं, आणि चित्रपट पुरा झाल्यावर पहिला खेळ त्यांनाच दाखवावा. खोटं काय ते पहिल्या दहा मिनिटांत त्यांच्या लक्षात येईल.